सुट्टीतली पिकअप

चालत्या गाडीचे किस्से होत नाहीत, उभ्या गाडीचे होतात. आमच्या तात्यांची पिकअप गेली काही वर्षं काटेवाडीत गोठ्याशेजारी बहुतेक उभीच आहे. म्हणजे बघा, आमच्याकडे किश्शांचा साठा किती असेल!

सुरुवात माझ्यामुळे झाली. ॲग्रीची पदवी नुकतीच हातात आली होती आणि आमची भेंडी बाजारात पोचेपर्यंत कोमेजते, हे मला सहन होत नव्हतं. म्हणून कोल्डरूम बसवलेला एक जुना ट्रेलर आणला. पिकअपने तो सपाटीला ओढला. कालव्याच्या पुलाच्या चढावर मात्र ट्रेलरच पिकअपला मागे नेऊ लागला. शेजारी बसलेले माझे चुलते, तात्या, शांतपणे म्हणाले, "जाऊ दे. आपल्याला घरीच जायचं हुतं."

मग आला अमोल. माझा शाळेपासूनचा मित्र, चाकणला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याने खाली वाकून सगळं पाहिलं आणि अट घातली, की दुसऱ्या कुणी पाना लावायचा नाही. म्हणजे तो सुट्टीला येईल तेव्हाच काम. दिवाळीत क्लच, जत्रेला रेडिएटर. मधल्या महिन्यांत मी गोठ्याकडे जाऊन पिकअपकडे नुसता बघून यायचो.

एका सुट्टीत त्याने मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे वाढवले. वजन पेलायला झकास, पण रिकामी गाडी सशासारखी उड्या मारायची. तात्यांची कंबर धरली. त्यावर उपाय म्हणून ते स्टँडवरच्या दिसेल त्या माणसाला हौद्यात बसवू लागले. किडकिडीत कोणी आला तर म्हणायचे, "तू मागनं एसटीनं ये." गावात बोलणं सुरू झालं, तात्या सरपंचकीला उभे राहणार. पारावरचे दोन-चार जण तर मतं मोजूनही मोकळे झाले.

अमोलच्या आईचा माझ्यावर राग. इंदापूरला मुलगी बघायला जायचं, तर पोराच्या नखातलं ऑइल निघेना. मुलीच्या वडिलांनी ती नखं बघून विचारलं, "कंपनीत लई काम असतं का?"

"कंपनीत मी स्क्रीनकडं बघतो," अमोल म्हणाला. "काम गावाकडं करतो."

लग्न काही जमलं नाही.

माझा धीर एकदा सुटला. फक्त ट्रेलरचे ब्रेक जोडायचे राहिले होते आणि शेतात भेंडी तोडणीला आलेली. मी पिकअप बारामतीच्या गॅरेजात नेली आणि अमोलला फोन करून मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"मग मी यिऊ कशाला?" एवढंच तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मी मिस्त्रीला सॉरी म्हणून पिकअप तशीच परत आणली. भेंडी त्या वर्षीही कोमेजून गेली.

आणि ही गेल्या दिवाळीची गोष्ट. ब्रेक अमोलनेच जोडले. ट्रेलर भेंडीने भरला, आणि पिकअपने तो पुलाचा चढ असा काही ओढला, की तात्यांनी चालत्या गाडीतच टोपी काढून डॅशबोर्डला नमस्कार केला. बाजारात भेंडी उतरली ती नुकती तोडल्यासारखी. मी नाचायचाच बाकी होतो. अमोल मात्र पिकअपच्या बोनेटवरून हात फिरवत उभा होता. संध्याकाळच्या एसटीने त्याला चाकणला निघायचं होतं.

बाजाराच्या आवारातच तो दिवाळीच्या नव्या शर्टासकट पिकअपखाली शिरला. बऱ्याच वेळाने खालून म्हणाला, "गिअरबॉक्स आवाज करतोय. खोलावा लागंल. पुढच्या सुट्टीला."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाडी बंद होती.

"व्हय," मी म्हणालो, "मलाबी सकाळपास्नं ऐकू येतोय."