पहिली कात्री

आमच्या शाळेच्या शेती मंडळाचा कारभार माझ्याकडे आला तो मी विज्ञान शिकवते म्हणून नव्हे, तर पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी म्हणून. महिन्याला एक व्याख्यान आणि सत्रात एक शिवारफेरी, एवढं मंडळाचं काम. एकदा ठिबकवाले साहेब आले आणि पडद्यावर आकडे दाखवून निम्म्या मुलांना झोपवून गेले. घोटीला भाताच्या लावणीला गेलो, तर मागे सरकत लावायचं सोडून मुलं पुढे पुढे चालत रोपं लावत गेली आणि आपलीच लावलेली तुडवत गेली. तिथल्या बायका पोट धरून हसल्या.

शाळेच्या कुंपणापाशी मंडळाने एक द्राक्षवेल लावली होती. मुलं तिचा वाढदिवससुद्धा करायची. ती पानांनी नुसती माजली होती, घड मात्र एकही नाही. छाटायला हवी असं मी म्हटलं की सगळ्यांचे चेहरे पडत. शेवटी मतदान घेतलं आणि मी एकटी पडले.

त्याच वर्षी आई गेली. बाग भावाने सांभाळली आणि दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी नाशिकला आमच्या फ्लॅटवर आणलं. ते दिवसभर बाल्कनीत बसत. चहा घेता का विचारलं तर "हां", जेवायला बोलावलं तर "वाढ". आईचा विषय तर काढायचाच नाही. मला आधी दया यायची, मग राग येऊ लागला, आणि खरं सांगायचं तर त्या रागाच्या खाली भीतीच होती. हा माणूस असाच गप्प बसून संपून जाईल, असं वाटायचं. म्हणून ऑक्टोबरच्या व्याख्यानाला मी त्यांनाच उभं करायचं ठरवलं. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही. "शाळेत जरा काम आहे, तुमची कात्री घेऊन चला," एवढंच सांगितलं.

व्याख्यान पार फसलं. दादांनी टोपी नीट केली, घसा खाकरला आणि खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले. मुलं चुळबुळ करू लागली.

"ती वेल कुणाची हाय?" त्यांनी एकदम विचारलं.

"आमची," सगळा वर्ग म्हणाला.

"लय लाड केले तुम्ही तिचे. छाटाय लागंल." आणि ते सरळ बाहेर निघाले. आम्ही सगळे त्यांच्या मागे.

पाचवीतली एक चिमुरडी वेलीला पाठ लावून उभी राहिली. "आजोबा, ती मरेल."

दादा तिच्यासमोर उकिडवे बसले. "नाय मरायची. काडी छाटली की डोळे फुटत्यात, मग घड येत्यात. नाय फुटले तर मला बोल."

ती बाजूला झाली. दादांनी कात्री काडीला लावली आणि तिथेच थांबले. मला वाटलं, विसरले बहुतेक. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "दादा, मी करू का?"

"तूच कर," त्यांनी कात्री माझ्याकडे दिली. "पहिली कात्री तुझी आई मारायची."

छाटणीच्या दिवशी आई वेलीला हळदकुंकू लावायची आणि पहिली काडी स्वतः कापायची. मगच मजुरांची टोळी बागेत शिरायची. मी लहानपणापासून ते पाहत आले होते आणि साफ विसरले होते. मी हे मुलांना सांगितलं, तशी त्या चिमुरडीने कुणी न पाठवता धावत जाऊन ऑफिसातल्या सरस्वतीच्या तसबिरीपुढचं हळदकुंकू आणलं. मी ते वेलीला लावलं आणि पहिली काडी कापली. पुढचं सगळं दादांनी केलं, आणि शेवटी वेलीच्या नुसत्या काड्या उरल्या.

सहामाही परीक्षा सुरू झाली. दादा रोज सकाळी एकटेच सिटी बसने शाळेत येऊ लागले. पेपर सुटला की ती मुलगी येऊन विचारायची, "आजोबा, मेली का?"

"थांब की जरा," दादा म्हणायचे, पण त्यांचाही चेहरा उतरत चालला होता. आता ही फुटली नाही तर दादा पुन्हा बाल्कनीत जाऊन बसतील, कायमचे, हे मला दिसत होतं.

गणिताच्या पेपरच्या दिवशी ती धापा टाकत शिक्षकांच्या खोलीत आली. "मॅडम, हिरवं आलंय." मी गेले. काडीवरचे डोळे फुगून फुटले होते आणि आतून इवलंसं पान डोकावत होतं. दादा भोवती मुलं गोळा करून बोलत होते. मी ठरवलेलं व्याख्यान ते त्या दिवशी देत होते आणि घंटा झाली तरी थांबत नव्हते.

संध्याकाळी जेवताना त्यांनी स्वतःहून आमटी मागितली. मग ताटाकडे बघत म्हणाले, "छाटणी झाली की मला लय भ्या वाटायचं. दर वर्षाला. सगळी बाग उघडी पडलेली, आन नाय फुटली तर? तुझी आई सकाळी हात फिरवून बघायची आन म्हणायची, फुटंल. मी आपला बरं म्हणायचो." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मला भ्या वाटतं, हे तिला कधी बोललोच नाय."

मी त्यांच्या वाटीत आमटी वाढली. "बोला ना दादा," मी म्हटलं. आणि ते बोलत राहिले.