पर्रा आणि तिरडी

आम्ही बुरड. बांबू फाडून पोट भरणारी माणसं. मी तिसरीपर्यंत शाळेत गेलो, मग मास्तरशी माझं बिनसलं आणि मी पुन्हा तिकडे फिरकलो नाही. तरी मला लिहिता येतं, आणि जे लिहितो ते झालं तसंच लिहितो.

आमचं गाव गोंदियाला लागून होतं. लागून म्हणजे मधे धानाच्या बांध्या, एक बोडी म्हणजे छोटं तळं, आणि आंब्याची चार झाडं. आता मधे काहीच नाही. शहर चालत चालत आमच्या दारापर्यंत आलं. आधी राइस मिल आली, मग कॉलेज आलं, मग मोठा खासगी दवाखाना, आणि त्याच्यामागून प्लॉट पाडणारे आले. बोडी बुजवली आणि तिच्यावर फ्लॅट उभे राहिले. लोक मला विचारतात, या विकासानं तुझं काय भलं झालं. झालं भलं. मी खोटं बोलणार नाही. कसं झालं ते ऐका.

आमच्या घरात दोन कामं चालायची. समोरच्या ओसरीवर माझी बायको पर्रे विणायची. पर्रा म्हणजे लग्नातली बांबूची उथळ टोपली, हळदीच्या आणि लाल रंगाच्या पट्ट्यांची. आमच्या भागात त्याच्याशिवाय नवरी निघत नाही. माझ्या बायकोच्या हातच्या पर्र्यासाठी आमगावपासून लोक यायचे. गिऱ्हाइकांशी तिची वागणूक मास्तरणीसारखी. भाव केला तर म्हणायची, प्लास्टिकचा घेऊन जा बाई, पोरगी बी प्लास्टिकची दे.

मागच्या अंगणात माझं काम. तिरडीचा बांबू मी द्यायचो. त्यासाठी येणारा माणूस मागच्या गल्लीतून यायचा आणि हाक मारायचा नाही. त्याचं तोंड पाहून मी उठायचो, दोन लांब हिरवे बांबू आणि आडव्या कामट्या काढून द्यायचो. भाव कोणी करत नसे. कोणताही दुकानदार गिऱ्हाइकाला पुन्हा या म्हणतो, आमच्या धंद्यात तोंड बंद ठेवावं लागतं. तिरडी मात्र आम्ही बांधत नव्हतो. ती मेलेल्याच्या माणसांनी बांधायची. बांधलेली तिरडी बुरडाच्या घरात ठेवू नये, हे मला बापानं सांगितलं आणि मी ते पाळलं.

एकाच घरातून लग्नाचं आणि मरणाचं सामान जायचं आणि त्यात कोणालाच वावगं वाटत नव्हतं. ओसरी समोर होती, अंगण मागे होतं, एवढं पुरे होतं.

पण पर्रा लग्नाच्या दिवसांतच खपतो. वर्षभर पोट भरायचं ते सुपांवर, टोपल्यांवर आणि धान साठवायच्या ढोल्यांवर. आता धान बांधीतून सरळ मिलमध्ये जातो, ढोली कोण घेईल. आमच्या एकुलत्या एका पोराला हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर जावं लागलं. दिवाळीला आला तेव्हा गालफडं बसली होती आणि रात्रंदिवस खोकत होता. पुन्हा जायचं म्हणून सुनेनं बॅग भरायला घेतली, तर त्याची माय जेवेना. ताटावर बसायची आणि उठून जायची.

त्या दिवसांत एका सकाळी एक बाई आली. समोरूनच आली, तिला मागची गल्ली कशी ठाऊक असणार. फ्लॅटमध्ये राहणारी, नवऱ्याच्या बदलीनं कुठून तरी दूरवरून आलेली. नवरा दवाखान्यात वारला होता. मी बांबू काढून दिले. ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "भैया, बांध के दे दो."

मी म्हणालो, आम्ही बांधत नाही, तुमची माणसं बांधतील.

"हमारा यहाँ कोई नहीं है. बिल्डिंगवाले सब खडे हैं, पर बांधना आता किसी को नहीं."

नाही म्हणायचं ठरलं होतं, फक्त ते कसं म्हणावं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात माझा पोरगा खाली बसला आणि त्यानं सुतळी ओढली. त्याला कधी बांधताना मी पाहिलं नव्हतं. तो सेंट्रिंगच्या गाठी मारू लागला. स्लॅबखालच्या बल्ल्या आवळतात तशा, वरून पायानं दाबून. बाई पाहत होती.

"पाय काढ," मी म्हणालो. "मानूस निजनार हाय त्याच्यावर, स्लॅब नोहे."

आणि मी त्याच्या हातातून सुतळी घेतली. बापाचं ऐकून जन्मभर पाळलेली गोष्ट मी त्या बाईची दया येऊन मोडली असं कोणी समजू नये. डोळ्यांसमोर वेडंवाकडं काम होत असलेलं मला सहन होत नाही, म्हणून मोडली. कामट्या सारख्या अंतरावर घेतल्या, वर धानाची तणीस पसरली, डोक्याकडची बाजू तिला दाखवली. ती बाई वाकून माझ्या पाया पडायला लागली. मी मागे सरलो.

पोरानं ते सगळं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यापुढे बोलणं काढलं. दवाखान्यात दूरदूरचे लोक येऊन राहिले, मरूनही राहिले, फ्लॅटमधल्यांना कोणी नाही, आपण इथंच दुकान टाकू. तिरडी, मडकं, कापड, गुलाल, सगळं एका जागी. रस्त्यावरून दिसेल अशी पाटी, पाटीवर मोबाइल नंबर.

मी म्हणालो, मी जिवंत असेपर्यंत या घरावर मरणाची पाटी लागणार नाही.

"मंग मी रविवारी जातो, बाबा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. त्याचा आवाज चढला असता तर मी बरोबर उत्तर दिलं असतं.

त्याची माय चुलीपाशी होती. ती उठून दारात आली. पाटी लागली की ओसरीचं काय होईल हे मला कळत होतं, आणि माझ्याआधी तिला कळलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पोराकडे पाहिलं.

"लावू द्या जी त्याले पाटी."

पाटी लागली. दुकान चाललं. कसं चाललं म्हणून विचारू नका, शहर वाढतं तेव्हा मरणही वाढतं. पोरानं पुढे शव न्यायची गाडी घेतली, मीही तिच्यातून घरोघर तिरडी बांधायला जाऊ लागलो. गल्लीत काँक्रीट झालं, नळ घरात आला. पोराचा खोकला गेला, अंगावर मांस आलं. सुनेनं ती बॅग माळ्यावर फेकली. मी एवढंच अडवून धरलं की बांधलेली तिरडी घरात ठेवायची नाही, माणूस आला की बांधायची. पोरगा वैतागतो, पण आजपर्यंत ते चालत आलं आहे.

मग लग्नाचे दिवस आले. आमगावकडची एक बाई ऑटोनं आली. तिच्या स्वतःच्या लग्नाचा पर्रा माझ्या बायकोनं विणला होता, आता तिच्या पोरीचं लग्न होतं. बायकोनं तिला लांबूनच ओळखलं, चटई झटकून अंथरली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. ती बाई उतरली, तिनं वर पाटीकडे पाहिलं, मग ओसरीकडे पाहिलं. एक पाय तसाच ऑटोत ठेवून म्हणाली, मावशी, बाजारातून जाऊन येतो. ऑटो गेला. चहा झाला, निवला, सुनेनं तो पिऊन घेतला. त्या वर्षी ओसरीवर कोणीच चढलं नाही. बायको तरी रोज पट्ट्या काढायची, तासायची, रंगवायची. विणायची नाही. वाळून कडक झाल्या की चुलीत घालायची.

मी एकदा म्हणालो, पाटी काढून टाकतो. ती म्हणाली, "काढा, अन् पोराले तुमीच गाडीत बसवून द्या." पाटी राहिली.

तोड तिनंच काढली. रेल्वे लाइनच्या पलीकडे नवीन बाजार झाला होता, ओटे, वर पत्रे. तिनं सुनेकडून तिथल्या ओट्यासाठी अर्ज करवला आणि मला नंतर सांगितलं. मी म्हणालो, तिकडच्या लोकांना कळणार नाही का तू कोणाची आहेस. ती हसली. खूप दिवसांनी हसली.

"इतकं मोठं झालं हे शहर. तिकडं मले कोन ओळखते जी? पन तुमाले ओळखतेत. अर्ध्या शहराच्या दारात तुमी जाऊन आले. तुमी तिकडं यायचं नाई. पोरानं बी नाई."

मी म्हणालो, मला काय काम पडलं तिकडे यायचं.

ती सकाळी शेअर ऑटोनं जाते आणि दिवस मावळताना येते. कुठली म्हणून कोणी विचारलं तर आमगावकडची सांगते. घरी कोण कोण आहे म्हणून विचारलं तर काय सांगते, हे मी तिला विचारलं नाही. तिचे पर्रे पुन्हा चालू लागले. आता लग्नाचे लॉनवाले घेतात, फ्लॅटमधल्या बाया भिंतीवर टांगायलाही घेतात. ती म्हणते, टांगोत, पैसे देऊन टांगतात ना.

या उन्हाळ्यात लाइनपलीकडच्या एका घरून बोलावणं आलं. पोरानं गाडी काढली, मी सोबत होतो. बाजारापाशी लग्नाच्या वरातीनं रस्ता अडवला. गाडी निघेना, म्हणून पोरगा म्हणाला, बाबा, तुम्ही पायी पुढे होऊन घर पाहून ठेवा. मी उतरलो. बाजाराच्या कडेकडेनं चाललो होतो, आणि ती दिसली.

तिच्यासमोर चार-पाच बाया आणि एक माणूस होता. ती मांडीवर पर्रा फिरवून दाखवत होती. पदर खोचलेला, बोटांना हळद. किती वर्षांनी मी तिला तशी बसलेली पाहत होतो. थांबायचं मनात नव्हतं, पण मी थांबलो.

त्या माणसानं मला पाहिलं. त्याच्या बापाची तिरडी मी बांधली होती. त्यानं हात जोडले आणि दोन पावलं मागे सरकला. लग्नाची खरेदी करताना मी समोर आलो, त्याचा काय दोष. तो बायांच्या कानाशी काही बोलला. बायांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी जिच्याकडे पाहत होतो तिच्याकडे पाहिलं.

त्यांतली एक म्हणाली, "मावशी, तुमच्या ओळखीचे हायेत का हे?"

बायकोनं मान वर केली. रस्त्यावरच्या कोणाकडेही पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं.

"नाई वो माय," ती म्हणाली. "मी कायले ओळखू?"

आणि पर्रा उलटा करून त्याचा काठ दाखवू लागली. निसटलेली एक पट्टी तिनं बोटानं आत बसवली. मी पाहत होतो म्हणून सांगतो.

मी पुढे निघालो. कोपऱ्यावर वरात सरकली होती आणि पोरगा गाडी घेऊन मागून आला. त्यानं दार उघडलं, मी बसलो. त्याला ओट्यावरची माय दिसली होती. त्यानं माझ्याकडे न पाहता विचारलं, "माय काई बोलली का?"

"गाडी काढ," मी म्हणालो. "लोक वाट पाहून राहिले."