इंग्रज साहेब आणि आमची पोरं

किस्से जमवावे लागत नाहीत, राव! एकच कादंबरी वीस वर्षं शिकवा, आपोआप ढीग लागतो. कर्नाटकात, आळंद तालुक्यातल्या एका डिग्री कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो. सिलॅबसला एका जुन्या इंग्रज लेखकाची जाडजूड कादंबरी आहे. प्रेम, नशीब, माणसाचा स्वभाव यांवर तो दर दोन पानांनी गोष्ट थांबवून विचार मांडतो. पोरं त्याला नुसतं 'साहेब' म्हणतात.

*

कादंबरीतली जोडी तीनशे पानं एकमेकांवर प्रेम करते, पण बोलत नाही. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, कामून बोलंनात हे?"

मी म्हटलं, "लाजतात. समाज आडवा येतो."

"सर, पाच मैल शेतातनं दोघंच चालायलेत. ना मामा, ना चुलता, ना गावातलं कुणी! आन हे हवापाण्यावर बोलायलेत?"

सगळा वर्ग साहेबावर नाराज झाला!

*

टेस्टला प्रश्न टाकला: लेखकाच्या मते नशीब म्हणजे काय? एकानं एका ओळीत उत्तर लिहिलं: "हुमनाबादला उतरायचं असतंय आन नेमकी तिथंच झोप लागती."

साहेबाला हेच सांगायला पन्नास पानं लागली होती. मी पाचपैकी चार मार्क दिले.

*

कादंबरीत एक गृहस्थ आहे. कुणी विचारो न विचारो, उपदेश करत सुटतो, आणि आपण किती साधे आहोत हेही स्वतःच सांगतो. तो धडा चालू असताना वर्ग फिदीफिदी हसत होता. कन्नड शिकवणारे आमचे बसवराजअण्णा उपदेशाला पक्के. मला वाटलं, पोरांना तेच आठवत असणार!

स्टाफरूममध्ये मी अण्णांना समजावलं, "पोरं हसतात. मनावर घेऊ नका."

अण्णा म्हणाले, "मी कामून घेऊ? ते तर म्हणायलेत, पुस्तकात आमचे इंग्लिशचे सर हैत!"

*

आणि एक किस्सा खजुरी गावच्या सुजाताचा. फायनल इयरची, वर्गात पहिली. तिला पुढे कडगंचीच्या युनिव्हर्सिटीत एम.ए. करायचं होतं. मध्येच कळलं, लग्न ठरतंय, परीक्षेच्या आधीच. आठवडाभर ती कॉलेजला आली नाही.

मग एक दिवस तिचे वडील स्टाफरूमच्या दारात उभे. "जय भीम, सर," म्हणाले, पण आवाज तापलेला.

"तुमचा तो साहेब कुठाय? मला भेटायचंय."

"कोण साहेब?"

"पोरगी म्हणायलीय, मन नसताना लगीन करू नये असं साहेबानं लिवलंय. बोलवा त्याला!"

मी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. म्हटलं, "अप्पा, बसा. साहेब वारला. शंभराच्या वर वर्षं झाली."

अप्पा खुर्चीत टेकले.

"आन त्याचं ऐकती, माझं न्हाई!" मग हळूच विचारलं, "त्याला पोरी होत्या का?"

"नव्हत्या."

"तरीच!"

जाताना म्हणाले, "ते पुस्तक द्या. मला वाचता येत न्हाई, पोरगी मराठीत सांगंल. बघू तरी काय लिवलंय ते."

मी दिलं. दुसऱ्या दिवसापासून सुजाता कॉलेजला यायला लागली. लग्नाचं काय झालं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. माझ्या जिवाला मात्र घोर.

महिन्याभरानं अप्पा बसस्टँडवर भेटले. मला बघून स्वतःच जवळ आले.

"सर, पुस्तकातल्या त्या पोरीनं शेवटी कुणाशी लगीन केलं?"

"सुजातानं सांगितलं नाही?"

"कुठलं! शेवटची चाळीस पानं ठेवून दिलीत. म्हणती, परीक्षा झाल्यावर सांगते."

मी म्हटलं, "मग मी सांगतो की!"

"नको, नको!" अप्पांनी घाईघाईनं हात हलवला. "पोरीच्या तोंडूनच ऐकीन. पोराकडच्या पाव्हण्यांना कळवून टाकलंय मी. म्हणलं, थांबा, आमचं अजून वाचायचं राहिलंय!"