राजवाडे बघायला निघालो, त्याची गोष्ट

स्टाफरूममध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. चहाचे उष्टे कप साठतात तसे ते आपोआप साठतात. आमच्या देगलूरच्या शाळेत या दिवाळीच्या सुट्टीनंतर चौघांनी राजस्थानला जायचं ठरवलं, आणि मान खाली घालायला लावणारे इतके किस्से झाले की विचारू नका!

* * *

चौघं म्हणजे भूगोलाचे जाधव सर, गणिताचे बिरादार सर, इंग्रजीच्या पाटील मॅडम आणि मी.

मार्ग आखायचं काम अर्थातच भूगोलाकडं. जाधव सरांनी भिंतीवरच्या नकाशावर बोटं टेकवली. "सकाळी जयपूर, जेवायला जैसलमेर, मुक्कामाला उदयपूर!"

"सर, एका दिवसात?"

"हे काय, वीतभर तर हाय!"

दारात दहावीचा अख्खा वर्ग वह्या घेऊन उभा होता.

* * *

बिरादार सर मूळचे उदगीरचे. त्यांनी जोधपूरच्या हॉटेलला स्पीकरवर फोन लावला. जुना महाल होता, आता तिथं पाहुणे उतरतात.

"तुमारे यहाँ नहाने को गरम पानी हाय क्या?"

"सर, ये महाराजा का महल है."

"वो सब ठीक हाय. पानी गरम हाय का न्हाई?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज सगळ्या स्टाफरूमनं ऐकला.

* * *

पुन्हा बिरादार सरच. आमच्या ग्रुपवर टाकायचा मेसेज त्यांनी पालकांच्या ग्रुपवर टाकला : "सोमवारपासून शाळेला दांडी! लई मज्जा करायची हाय!"

एका पालकानं लगेच विचारलं, "सर, पोर्शन झाला का?"

डिलीट करेपर्यंत खाली अंगठ्यांची रांग लागली होती.

* * *

रजा मागताना खरं सांगायची हिंमत कुणालाच झाली नाही. पाटील मॅडमनी हेडसरांना सांगितलं, "सासूबाई सिरियस आहेत."

दुपारी सासूबाई स्वतः आल्या. सूनबाई डबा विसरली म्हणून रिक्षानं आल्या आणि थेट हेडसरांच्या केबिनमध्ये शिरल्या. हेडसरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"मला काय धाड भरली!"

पाटील मॅडम त्या दिवशी मागच्या गेटनं घरी गेल्या.

* * *

आमच्या स्टाफरूममध्ये मराठीच्या सुरवसे मॅडम आहेत. त्यांचे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून त्यांना कुठं चला म्हणायचं आम्हीच बंद केलं. त्यांना बरं वाटणार नाही, असं आम्हीच ठरवून टाकलं.

महिनाभर त्यांच्यासमोर आमचं प्लॅनिंग चाललं. त्या मध्येच म्हणायच्या, "उदयपूरला दोन दिवस ठेवा. तळ्यावरची संध्याकाळ सोडू नका." आम्ही मान डोलवायचो. तुम्हाला कसं ठाऊक, असं एकानंही विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी जाधव सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर इथंच असणार. आमचे तास बघाल का?"

त्या नुसत्या हसल्या.

नांदेड स्टेशनवर आम्ही सामान घेऊन शिरतोय, तोच त्या फलाटावर दिसल्या. पाटील मॅडम गहिवरल्या. "अगं बाई, आम्हाला सोडायला इतक्या लांब आलात?"

"न्हाई हो. मी बी चाललेय. उदयपूरला."

तेव्हा कुठं शेजारची निळी सुटकेस आमच्या नजरेस पडली.

"आणि रजा?" जाधव सरांच्या तोंडून निघून गेलं.

"तुमच्या अगोदरच मागितली होती. फिरायला जातेय म्हटलं, हेडसर म्हणाले जाऊन या."

बिरादार सर चपलेकडं बघत म्हणाले, "मॅडम, मग आमच्यासंगं यायचं होतं की!"

गाडी फलाटाला लागली. मॅडमनी सुटकेस उचलली. मी हात पुढं केला, तो त्यांनी हळूच बाजूला सारला.

"विचारलं असतं तर आलेच असते," त्या म्हणाल्या. "आता मला खिडकीची सीट मिळालीय."