होडीतून पाहिलेलं रॉकेट

माझी मुलगी आणि तिच्या कॉलेजातली पाच-सहा पोरं यांनी मिळून माणसाच्या उंचीचं एक रॉकेट बनवलं होतं. ते आयर्लंडमधल्या डोनेगलच्या किनाऱ्यावरून सुटणार आणि समुद्राकडे झुकणार होतं. त्यामुळे पॅराशूट उघडतानाचा फोटो होडीतूनच मिळाला असता. "मॅम, यू हॅव द बिग लेन्स," एवढं म्हणून तिनं ते काम माझ्यावर सोपवलं. इथल्या पोरांसारखी तीही आईला 'मॅम' म्हणते.

लेटरकेनीच्या हॉस्पिटलात मी डॉक्टर आहे; आमच्या वॉर्डातला एक पोर्टर सुट्टीच्या दिवशी खेकडे धरतो. होडी त्याची. नागपूरहून आलेली माझी आई म्हणाली, "मी एकटी घरी कायले राहू? मी बी येतो." ती आयुष्यात पहिल्यांदाच होडीत बसत होती.

किनारा बोटभर दिसेल इतक्या लांब गेल्यावर पोर्टरनं इंजिन बंद केलं. वायरलेसवर मुलीचा आवाज आला: ढग सरकेपर्यंत थांबा. मग नुसतं थांबणं. पाणी दुधाळ, आभाळही तसंच. मधली रेघ कुठेच दिसेना. एक सील डोकं वर काढून आमच्याकडे बघत राहिला. लाटेबरोबर होडी श्वास घेतल्यासारखी वरखाली होत होती. आईला डुलकी लागली. मलाही वाटलं, आपण इथे कशाला आलोय ते विसरलं तरी चालेल.

"डॉक, आता," पोर्टर हळूच म्हणाला.

किनाऱ्यावर एक ठिणगी दिसली, तिच्यामागे पांढरा दोरा. आवाज काहीच नाही. दोरा उंच जात होता आणि माझं बोट बटणावर दाबलेलंच होतं. मग बऱ्याच वेळानं पाण्यावरून गडगडाट आला. त्या आवाजानं जागी झालेल्या आईनं माझी बाही घट्ट धरली.

"पाह्य व, पाह्य! फूल उमललं!"

केशरी पॅराशूट उघडलं होतं. ते अगदी सावकाश उतरलं. पाण्याला टेकल्यावर पोर्टरनं इंजिन सुरू केलं आणि आकडीनं रॉकेट ओढून घेतलं. आईनं ते ओलं कापड मांडीवर घेऊन लुगड्यासारखं पिळलं.

धक्क्यावर मुलगी धावत आली. "मॅम, डिड यू गेट इट?"

बाही ओढल्यामुळे बहुतेक फोटोंत समुद्र तिरका आला होता. एकात मात्र पॅराशूट अर्धवट उघडलेलं स्वच्छ दिसत होतं. मुलीनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो मोठा करून बघितला, "दॅट्स ग्रँड," म्हणाली आणि आधी आजीला मिठी मारली.

परतताना गाडीत आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

"त्याले वरून आपण दिसलो असू का व?"

"त्यात कॅमेरा नव्हता, आई."

"तरी बी," ती म्हणाली.