बॉक्सिंगचे अठरा खंड आणि सातव्यातली एक ओळ

"मॅडम, माह्यं नाव काटलं तरी चालते, पन हे खंड रद्दीत नाई जाऊ देनार," काळबांडे सर म्हणाले आणि दोन्ही हात माझ्या टेबलावर टेकवून उभे राहिले. एक हात नेमका स्टॅम्प-पॅडवर पडला होता. 

आर्वीतल्या एका जुन्या वाचनालयाची मी ग्रंथपाल. त्या दिवशी निर्लेखनाची मीटिंग होती. निर्लेखन म्हणजे छाटणी. जी पुस्तकं पाच वर्षांत कुणी नेली नाहीत त्यांची यादी करायची, कमिटीची मंजुरी घ्यायची, रजिस्टरमध्ये लाल रेघ मारायची आणि पुस्तकं रद्दीत काढायची. यादीत पहिलाच नंबर बॉक्सिंगचा होता. एका जुन्या इंग्रजी मासिकाचे अठरा जाड खंड, प्रत्येकात वर्षभराचे अंक एकत्र शिवलेले.

ते सरांनीच तरुणपणी जमवलेले आणि वाचनालयाला भेट दिलेले. सर शाळेत पी.टी. शिकवायचे. रिटायर झाले तरी रोज सकाळी मैदानावर मुलींना बॉक्सिंग शिकवतात. भेट देताना त्यांनी बजावलं होतं, "घरी कोनाले देजो नका, लोक फोटो फाडतात." म्हणून मी 'रेफरन्स'चा शिक्का मारला. रेफरन्स म्हणजे इथंच बसून वाचायचं. घरी कुणी नेऊ शकत नाही, म्हणून देवघेव शून्य. देवघेव शून्य, म्हणून यादीत पहिले. सरांचा बंदोबस्त सरांवरच उलटला होता आणि त्यावर शिक्का माझा होता. मला मनातून फार वाईट वाटत होतं.

अध्यक्ष प्रकाशभाऊ निस्ताने, कापूस-सोयाबीनचे व्यापारी. ते आणि सर वर्ध्याला एका कॉलेजात होते आणि एकदा रिंगणात समोरासमोर आले होते. ती फाइट अख्ख्या आर्वीला पाठ आहे, अर्थात सर सांगतात तशी. दुसरा राऊंड, सरांचा एक डावा ठोसा आणि प्रकाशभाऊ आडवे. सरांनी ती लग्नांत सांगितली आहे, एसटी स्टँडवर सांगितली आहे, आणि एकदा तर झेंडावंदनाच्या भाषणात. प्रकाशभाऊ दर वेळी "झूट हाय" म्हणतात. त्यांच्या पोटाकडे बघून कुणी विश्वास ठेवत नाही.

"सर, मोबाईलवर सगळं दिसते आता," प्रकाशभाऊंनी सुरुवात केली. "ठोसा स्लो करून पाहा, उलटा करून पाहा. हे बाड कायले पायजे?"

"तेच तं! माह्या पोरी दहा सेकंद पाह्यतात न वर सरकवतात. तो गडी कोन, किती मेहनत केली, काऊन हरला, काई मालूम नाई. आमी एक अंक महिनाभर वाचत होतो, डिक्शनरी घेऊन. फोटोत पाय कसा ठेवला ते पाहून अंगनात तसंच उभं राहत होतो."

हे खरं आहे. सरांचं सगळं इंग्रजी त्या मासिकातलं. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला तरी ते 'नॉकआउट' म्हणतात.

"आन् आता?" सर रंगात आले. "जो तो आपलाच व्हिडिओ टाकते, गानं लावते, जिंकलो म्हनते. तवाचं छापलेलं एक अक्षर खोटं नसे."

प्रकाशभाऊ पुढे सरकले. "एक अक्षर खोटं नाई?"

"नाई म्हंजे नाई."

"मॅडम, मिनिट्समध्ये लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.

"मंग आपल्या फाइटचा निकाल असंन ना त्यात?"

मासिकाच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत गावोगावचे निकाल असत. वाचक पोस्टकार्डावर कळवत आणि ते छापत. सरांनी टेबलावरचे हात काढून घेतले. "असंन. पन एवढ्या ढिगात कुठं शोधत बसता?"

शोधणं हाच माझा धंदा. सरांना कॉलेजचं साल विचारलं तर ते खिडकीबाहेर बघायला लागले. प्रकाशभाऊंनी लगेच सांगितलं. सातव्या खंडात सापडलं. मी मराठी करून वाचलं: "वर्धा. एन. काळबांडे यांनी पी. निस्ताने यांचा तीन फेऱ्यांनंतर गुणांवर पराभव केला."

गुणांवर म्हणजे कुणीही आडवं पडलं नाही. ठोसे मोजून पंचांनी निकाल दिला.

प्रकाशभाऊ खुर्चीवरून उठलेच. "तीन राऊंड! उभा होतो मी! आन् या मानसानं मले जलमभर आडवं पाडलं!"

"छपाईत चूक झाली असंन," सर पुटपुटले.

"मॅडम, मिनिट्स वाचा."

मी वाचलं. कमिटी पोट धरून हसली.

सर खाली बसले. "मंग असं करा. हा एक खंड काढा, बाकीचे सतरा ठेवा."

"सतरा गेले तरी चालते," प्रकाशभाऊ म्हणाले, "पन हा नाई जाऊ देनार!"

"एक ओळ राहिली आहे," मी म्हणाले आणि पुढचं वाचलं. "निस्ताने ओठ फाटूनही शेवटच्या फेरीत मागे हटला नाही. आजच्या टाळ्या त्याच्या होत्या." त्याखाली कळवणाऱ्याचं नाव होतं: एन. काळबांडे, वर्धा.

प्रकाशभाऊंचा हात ओठाकडे गेला. तिथं अजून एक बारीक वण आहे. मला तो तोवर कधी दिसला नव्हता.

"हे तू लिहिलतं, नामदेव?"

"लिहिलतं."

"मंग जलमभर ते दुसरं काऊन सांगत राह्यला?"

"एका लग्नात गमतीनं सांगितलं. लोक हासले. मंग खरं सांगाची लाज वाटे." सरांनी चष्मा काढून पुसला. "तिसऱ्या राऊंडला मीच भेलो होतो बे तुले."

 मी उगाच रजिस्टर उघडलं.

अठराही खंड राहिले. सरांना विचारून मी रेफरन्सचा शिक्का रद्द केला. आता ते घरी नेता येतात. पहिली नोंद अध्यक्षांची, खंड सातवा, मुदत पंधरा दिवस. त्याला चार महिने झाले. मी तीन स्मरणपत्रं पाठवली. भाऊ म्हणतात, अजून एका पाव्हण्याला दाखवायचा राहिला आहे.

परवा एका लग्नात सर ती फाइट सांगताना दिसले. आता प्रकाशभाऊ तिन्ही राऊंड उभे असतात. फक्त राऊंड पूर्वीपेक्षा लांब झाले आहेत. छाटणीच्या यादीवर सही घेण्याआधी मी हल्ली शेवटची पानं वाचते, बारीक अक्षरांतली.