किनारीतला गणपती

१९९८ साली बनारसच्या दुर्गाघाटावरच्या ढुंढिराज पुराणिकांनी पौरोहित्य सोडून बनारसी साड्यांची नक्षी कॉम्प्युटरवर ठिपक्याठिपक्यानं काढायची नोकरी धरली. पण कार्यारंभी गणेशपूजन करायची सवय सुटली नाही. प्रत्येक नव्या नक्षीत ते सर्वांत खालच्या थरावर, म्हणजे लेअरवर, गणपतीचं चित्र आणून ठेवत, नमस्कार करून तो थर लपवत आणि मगच वरच्या थरांवर मालक शेठजींनी सांगितलेल्या वेली आणत.

एका मंगळवारी जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. काल गणपतीचा थर लपवायचा राहून गेला होता, आणि सगळे थर एक होऊन किनारीची नक्षी मागावर पोचलीही होती.

"अहो, गणपतीच आहे ना? मग घाबरता कसले?" शरदिनीबाई म्हणाल्या.

"लग्नाचा शालू आहे, आणि किनार पायाशी असते गं! नवरी चालेल तशी..."

शरदिनीबाईंनी वाढायचं थांबवलं.

ते ताटावरून उठून गल्ल्यांतून धावत सुटले. नोकरी गेली तर पुन्हा पौरोहित्य करता आलं असतं. पण गणपतीला पायाशी घालणाऱ्या गुरुजींना बोलावणार कोण?

ते पोचले तेव्हा माग बंद होता आणि विणकर यासीनमियाँ चहा पीत होते.

"पंडितजी, सूँड़ दिखी तो हमने काम रोक दिया. ये पैर में थोड़े ही जाएँगे!"

ढुंढिराजांनी त्यांना हात जोडले. तेव्हापासून गणपती मॉनिटरच्या डोक्यावर असतो. यासीनमियाँ मात्र प्रत्येक नक्षीत आधी सोंड शोधतात.